भाकरी किती, ते मशीनला विचारा

मला शुगर निघाली तेव्हा तोंडून पहिलं वाक्य आलं, "असं कसं? आम्ही तर भाकरी खाणारी माणसं!" आम्ही सोलापूरचे. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी ज्या घरात आहे तिथं डायबेटिस येतच नाही, अशी आमची समजूत. डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "किती भाकरी खाता?" मला सांगता येईना, कारण कधी मोजल्याच नव्हत्या.

एचबीएवनसी ७.४ होतं. ही रक्तातल्या साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून तिला फसवता येत नाही. साडेसहा किंवा त्याच्या पुढे गेलं की डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. गोळी सुरू झाली आणि सोबत मी घरी शुगर मोजायचं मशीन आणलं. जे शिकले ते त्या मशीननं शिकवलं.

मोजायची रीत अशी. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटानं मोजलं तर आंब्याचीच शुगर दिसते. सुई बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा आणि उन्हाळ्यात ती खिडकीत ठेवू नका. आमच्याकडच्या उन्हात पट्ट्या खराब होतात आणि आकडे भलतेच येतात. सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर फरक कशानं पडला ते कळतच नाही.

माझ्या वहीतलं सांगते. तीन भाकरी आणि पिठलं: आधी १२४, नंतर २२१. दुसऱ्या दिवशी आधी वाटीभर काकडी-कांदा, मग मटकीची उसळ आणि शेवटी दीड भाकरी: १६३. तिसऱ्या दिवशी हेच जेवण आणि लगेच गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या: १४८. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवून आडवं होण्याऐवजी चालायचं. भाज्या-उसळ आधी खाल्ली की मागून येणारं पीठ सावकाश पचतं. ज्वारीत चोथा जास्त, म्हणून ती मैद्यापेक्षा केव्हाही बरी, पण शेवटी तेही पीठच. तीन भाकऱ्यांना ती माफी देत नाही. तुमचे आकडे माझ्यासारखे येणार नाहीत, म्हणून वही तुमची तुम्हीच करा.

चहाचं गणित मात्र सगळ्यांना लागू. ऑफिसात दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. महिन्याभरानं आधीचा चहा काकवीसारखा लागायला लागला. मध्ये गुळाच्या चहाचाही प्रयोग केला. मशीनला गूळ आणि साखर यांतला फरक कळला नाही.

कारल्याचा रस? महिनाभर नाक दाबून प्यायले, वहीत काही दिसलं नाही. कारल्याची भाजी करते, ती आवडते म्हणून. भिजवलेल्या मेथ्यांनी थोडा उपयोग होऊ शकतो, त्यांत विरघळणारा चोथा असतो. पण यातलं काहीही गोळीच्या जागी नको. कागदावर नाव-पत्ता नसलेली चूर्णं तर घरातच आणू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी असल्या पुडीच्या भरवशावर गोळ्या सोडल्या आणि दोन महिन्यांत दवाखान्यात भरती झाले.

उपास करणाऱ्यांसाठी दोन शब्द. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. एकादशीला त्याची खिचडी खाऊन माझा सगळ्यात मोठा आकडा आला: २३८. एकादशी नि दुप्पट खाशी, दुसरं काय! आता दही, शेंगदाणे, काकडी आणि अगदी थोडी भगर. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. थंड घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं आणि आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेव्हा मात्र साखरच औषध.

माझ्या मुलाची उपाशीपोटी शुगर १०८ आली. १०० ते १२५ म्हणजे अजून हातात वेळ आहे. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात अशा लोकांनी सुमारे सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं. डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली आपल्या लोकांवरचा असाच अभ्यास मांडला, त्यात घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. आकडा लहान, पण ताट आपलं. मुलगा आता बस एक थांबा आधी सोडतो. कुरकुर करतो, पण सोडतो.

माझं एचबीएवनसी सहा महिन्यांत ६.६ वर आलं, गोळी चालूच आहे. जानेवारीत हुरडा खायला शेतावर गेलो तेव्हा मशीन पिशवीत होतं. नणंद म्हणाली, "वहिनी, आज तरी राहू द्या." दोन वाट्या हुरडा, चटणी, वर बांधाबांधानं विहिरीपर्यंत चक्कर, आणि १७१. वहीत लिहिलंय: पुढच्या वर्षी दीड वाटी.