माशी सुटी वाहू द्या: लॅपलँडच्या नदीत ग्रेलिंग आणि ट्राउट कसे गरवावेत

उत्तर स्वीडनला पहिल्यांदा मासे गरवायला निघालेला माणूस दुकानातून दोन गोष्टी हमखास ऐकून येतो. एक, लांब फेकता आलं पाहिजे. दोन, डबीत निदान पन्नास प्रकारच्या माश्या हव्यात, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेले खोटे किडे. दोन्ही विसरा. मी पंधरा उन्हाळे तिथे घालवलेत. माझे बहुतेक मासे दहा मीटरच्या आत लागलेत आणि डबीत चार प्रकारच्या माश्या असतात.

काठी 9 फुटी, 5 नंबरची (नंबर म्हणजे ती पेलते त्या दोरीच्या वजनाचा). तरंगणारी दोरी, पुढे 12 फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे दोरी आणि माशी जोडणारा पारदर्शक धागा, त्याच्या टोकाला 0.15 मिमीचा धागा. पोलराइज्ड चष्मा आणि डोक्यावर डासांची जाळी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत जा. परवाना, म्हणजे 'फिस्केकोर्ट', आधी काढा: स्वीडनमध्ये रानात हिंडायचा, रात्रभर तंबू टाकायचा हक्क सगळ्यांना आहे, पण नदीत गळ टाकायचा नाही. तिथून पुढे नॉर्वेत जाणार असाल तर सगळं सामान निर्जंतुक करून घ्या. एका नदीतला परजीवी ओल्या बुटातून दुसऱ्या नदीत जातो, आणि तिथे त्याबद्दल कोणी गय करत नाही.

मी जातो ती काइतुम नदी, कालिक्सची उपनदी. कालिक्स ही वीजनिर्मितीच्या धरणांपासून कायद्याने राखलेल्या स्वीडनच्या चार मोठ्या नद्यांपैकी एक, त्यामुळे पाणी आपल्या मर्जीने वाहतं. ट्राउट दगडाच्या आडोशाला किंवा काठाच्या सावलीत असतो. ग्रेलिंग, ज्याला तिथे 'हार्र' म्हणतात, उघड्या पात्रात गोट्यांच्या तळाशी घोळक्याने असतो. पाठीवर शिडासारखा पर. पाण्यात उभे राहिलात की तुमच्या पायांनी उकरलेले किडे खायला तो तुमच्या मागेच येऊन थांबतो आणि तुम्ही आपले पलीकडचा काठ न्याहाळत बसता.

आता खरी अडचण.

कोकणात खाडीवर गरी टाकलेल्याला हा प्रकार उलटा वाटतो. तिथे शिसं दोरीला ओढत नेतं. इथे माशीला वजन नसतं, जाड दोरीच तिला नेते. पाण्यावर पडल्यावर मात्र हीच दोरी घात करते. तुमच्या आणि माशाच्या मध्ये वेगवान धार असली की ती दोरीला कवेत घेऊन खाली पळते, दोरीला पोट सुटतं, आणि पोटाच्या ओढीने माशी फरफटते. वाहत येणारी खरी माशी सहसा प्रवाह आडवा कापत जात नाही. हे माशाला कळतं, आपल्याला कळत नाही.

माझे पहिले दोन उन्हाळे यातच गेले. एका रात्री, म्हणजे घड्याळाप्रमाणे रात्री, सूर्य अजून मावळला नव्हता, एकच हार्र नऊ वेळा वर आला. माशीच्या खाली नाक लावून हातभर वाहत गेला आणि नवव्यांदाही खाली बसला. मी नऊ वेळा माशी बदलली होती. काठावर कॉफी उकळत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "माशीकडे नको, शेजारच्या बुडबुड्याकडे बघ." बघितलं. बुडबुडा मागे राहिला, माशी पुढे निघून गेली. त्या दिवसापासून मी माशी बदलायच्या आधी बुडबुडा बघतो. दोघं बरोबरीने चालले तर ठीक, नाहीतर दोष तुमच्या दोरीत आहे, माशीत नाही.

उपाय असा. दोरी पाण्याला टेकताक्षणी काठीचं टोक उचलून दोरी अर्धवर्तुळात प्रवाहाच्या वरच्या अंगाला पलटवा, म्हणजे दोरीचं पोट वरच्या बाजूला जाईल. फरफट दिसल्यावर पलटवून काही उपयोग नाही, उलट माशीलाच हिसका बसतो. फक्त दोरी उचला, लीडर नाही. याहून बरं म्हणजे दोरी हवेत असतानाच हात वरच्या अंगाला लांबवून काठी आडवी नेणं. आणि सगळ्यात बरं म्हणजे चार पावलं चालणं. मधे दोनऐवजी एकच धार येईल अशी जागा शोधा. मांडीच्या वर पाणी नको, तिथलं पाणी जुलैतही हाडं गोठवतं.

हार्रसाठी मी त्याच्या तिरकं वरच्या बाजूला उभा राहतो, दोरी सैल टाकतो आणि काठी हलवत आणखी दोरी सोडत जातो, म्हणजे लीडरच्या आधी माशी पोचते. आणि मासा वर आल्यावर उठलेल्या तरंगावर नेम धरू नका! हार्र तळातून उठून मागे वाहत येतो, तरंग दिसतो तिथे तो राहत नाही. तरंगापासून प्रवाहाच्या दीड-दोन मीटर वर टाका.

माशी कुठली? बहुतेक वेळा क्लिंकहॉमर. 1980च्या दशकात हान्स फान क्लिंकेन या डच माणसाने नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर हार्रसाठी बांधलेली. पोट पाण्याखाली लोंबतं, वर फक्त तुरा दिसतो.

मासा लागला की काठी हळू उचला. हार्रचं तोंड लहान असतं, हिसका दिलात तर गळ निसटतो. गळ बिनकाट्याचा ठेवा, हात ओले करा, सोडायचा तर पाण्यातच सोडा. ठेवायचा तर त्याच संध्याकाळी खा. आईने दिलेली मालवणी मसाल्याची पुडी माझ्या पिशवीत दरवर्षी असते, ट्राउटला लावतो. हार्रला नाही, त्याला मीठ आणि लोणी पुरतं.