गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय आखडला? आधी सरळ करा, मग वाकवा

ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वाकतो गुडघा?" पूर्ण सरळ होतो का, हे कुणीच विचारत नाही. सपाट जागी चालायला साधारण ६० ते ७० अंश वाकणं पुरतं. पण सरळ होण्यात पाच-दहा अंशांची कसर राहिली, तर माणूस लंगडतो आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो.

व्यायामाआधी सर्जनना दोन गोष्टी विचारा: किती वाकवायचं आणि पायावर किती भार द्यायचा. मेनिस्कस (गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल किंवा हाड जोडलं असेल, तर काही आठवडे मर्यादा असते. तिथे खालचं वेळापत्रक चालणार नाही.

१. सूज उतरवा. सुजलेला गुडघा वाकत नाही आणि मांडीचा स्नायूही साथ सोडतो. पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवा. टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा.

२. गुडघ्याखालची उशी काढा. तिथे उशी घेतली की फार बरं वाटतं आणि गुडघा नेमका त्याच अर्धवट वाकलेल्या स्थितीत आखडतो. त्याऐवजी टॉवेलची जाड गुंडाळी टाचेखाली ठेवा, म्हणजे पोटरी आणि गुडघा अधांतरी राहतील. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. त्यातच मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. नीट जमलं की गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना डोळ्यांना दिसते.

३. आता वाकवा. पायात मोजा घालून पलंगावर टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढा. पुढे सरकेना की मांडीमागे दोन्ही हात गुंफून थोडी मदत करा. खुर्चीत बसून चांगल्या पायाने दुखरा पाय मागे ढकलला तरी चालतं. एकदाच तासभर दात-ओठ खाण्यापेक्षा दिवसात पाच-सहा छोट्या खेपा करा.

ताण जाणवायलाच हवा, पण थांबल्यावर अर्ध्या-एक तासात दुखणं शमलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी अति झालं. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी का, हे त्यांनाच विचारा. वेदनेच्या भीतीनं पाय आवळून धरणारे बरेच असतात.

४. वाटी मोकळी करा. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावरच. पाय सरळ आणि सैल ठेवून वाटी बोटांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

५. मोजा. खुर्ची नेहमी एकाच जागी ठेवा, टाच जिथवर मागे जाते तिथे फरशीवर चिकटपट्टी लावा. रोज नको, आठवड्यातून एकदा.

चिकटपट्टी दोन आठवडे तिथेच राहिली, किंवा सांधा बदलून सहा आठवडे झाले तरी गुडघा ९० अंश वाकत नसेल, तर सर्जनना दाखवा. आत चिवट तंतू वाढलेले असू शकतात. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त साधतो, म्हणून "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थेट तातडीच्या विभागात जा.