पुट्टी लावण्याआधी ओल कुठून येते ते शोधा

पाऊस ओसरला की नाशिकमध्ये रंगाऱ्यांना बोलावणी सुरू होतात. पोपडे खरवडायचे, पुट्टी, रंग. आणि पुढच्या आषाढात तोच डाग, कारण पाणी आत येतच असतं.

आधी डाग नीट बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल आणि बोटाला लागणारी मिठासारखी भुकटी, म्हणजे पाणी जोत्यातून वर चढतंय. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत हे दिसतं. तिथे ऑइलपेंट मुळीच देऊ नका. कोंडलेली ओल आणखी वर सरकते. खिडकीखाली डाग असेल तर चौकटीची फट आणि सज्जाचा उतार तपासा.

उन्हाळ्यातही वाळत नसेल तर संशय पाइपवर. रात्री गच्चीवरची टाकी भरा, टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ बंद ठेवून पातळीवर खूण करा. फ्लश गळत नाही ना, तेही पाहा. सकाळी पातळी उतरली तर गळती पाइपात किंवा टाकीतच. उतरली नाही म्हणून बाथरूम सुटत नाही. सांडपाण्याची लाइन आणि फरशीतून झिरपणारं पाणी या चाचणीत सापडत नाही. फरशी तपासायला नहाणी ट्रॅपला (फरशीवरचं पाणी जायच्या जाळीला) बोळा लावून इंचभर रंगीत पाणी 24 तास साठवा आणि खालच्या घराचं छत बघा.

थंडीत उत्तरेच्या भिंतीवर काळी बुरशी आली तर फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ. वॉटरप्रूफिंग नको, खिडकी उघडा.