गेल्या वर्षीचा ऑगस्ट यंदाचा ऑगस्ट नव्हे: आकडे बघून माल भरताना या चुका टाळा

गोव्यात म्हापसा आणि डिचोलीतल्या किराणा दुकानांचे हिशेब मी बघतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर आता बहुतेकांकडे आहे आणि कुठला माल किती मागवायचा हेही ते सुचवतं. घोळ होतो तो या सूचनेवरूनच.

सगळ्यात महागात पडते ती महिन्याची महिन्याशी तुलना. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 2023 साली 19 सप्टेंबरला होती, 2024 साली 7 सप्टेंबरला, 2025 साली 27 ऑगस्टला. यंदा, 2026 साली, अधिक ज्येष्ठ आल्याने ती 14 सप्टेंबरला आहे. नेवऱ्यांचा (करंज्यांचा) रवा, चणाडाळ, गूळ, सुकं खोबरं यांची खरी उचल होते चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात. गेल्या वर्षी एका दुकानात मी समोर बसलो होतो. पडद्यावर रव्यापुढे आदल्या ऑगस्टइतकाच आकडा होता. मालकाच्या आई गुळाच्या ढेपेवरचं गोणपाट सारत म्हणाल्या, "अरे, अर्धा श्रावण सरला, आणि रवा एवढाच?" मालकाने पडद्याचं ऐकलं. चवथीला चार दिवस असताना रवा संपला आणि गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली.

उपाय सोपा आहे. रिपोर्टमध्ये महिना निवडू नका. भिंतीवरची दिनदर्शिका बघून चवथीच्या आधीच्या एकवीस दिवसांच्या तारखा स्वतः घाला आणि तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा.

पण नुकसान तिथेच थांबत नाही. रवा नव्हता त्या चार दिवसांत रव्याची विक्री शून्य नोंदली गेली. सॉफ्टवेअर शून्याचा अर्थ 'मागणी नाही' असा लावतं आणि पुढच्या वर्षी आणखी कमी मागवायला सांगतं. परत गेलेलं गिऱ्हाईक कुठल्याच बिलात नसतं, त्याला फक्त गल्ल्यावरच्या माणसाने पाहिलेलं असतं. म्हणून गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवा. काय मागितलं, मिळालं नाही, तारीख. बस्स. माझ्या मते या वहीइतकं मोलाचं दुकानात दुसरं काही नाही.

"आमच्याकडे हजारो बिलं आहेत, चूक कशी होईल?" असंही विचारतात. अमेरिकेत 1936 च्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने लोकांचा कल विचारायला टपालाने मतपत्रिका पाठवल्या, त्यांतल्या सुमारे 24 लाख भरून आल्या होत्या. त्यावरून त्यांनी लँडन हे उमेदवार जिंकणार असं छापलं, आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं घेतली. त्यांच्या याद्या मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या होत्या, शिवाय पत्रिका परत पाठवणारेही थोडेच. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ऑर्डरी फ्लॅटवाल्यांच्या असतील आणि वाड्यावरची म्हातारी माणसं रोख देऊन बिल न घेता जात असतील, तर तीच गत.

आता उलट बाजू. अनुभव आहे म्हणून आकडे बाजूला सारणं हीदेखील चूकच. तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा साधी गणिती पद्धत पुष्कळदा सरस ठरते, हे मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1954 सालीच मांडलं होतं. मासेमारीबंदीचं उदाहरण घ्या. 1 जून ते 31 जुलै, तारखा ठरलेल्या. त्या दिवसांत कडधान्यं आणि सुकी मासळी किती जाते हे सॉफ्टवेअर नीट सांगतं, तिथे उगाच हात घालू नका.

रिपोर्ट उघडण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहा. आकडा आधी दिसला की मन त्याच्याकडेच झुकतं. दोन्हींत फरक पडला तर कारण शोधा. "मला वाटतं" हे कारण नव्हे, "चवथ अठरा दिवस पुढे गेली" हे कारण आहे.

आणि यंदाचा ऑगस्ट संपल्यावर रिपोर्टमध्ये विक्री पडलेली दिसेल. घाबरून रव्याची ऑर्डर कापू नका. तो सप्टेंबरात जाणार आहे.