एकाच लेबलाच्या दोन डिस्क

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पाने ‘अंक’ असे लेबल असलेल्या १ टेराबाइटच्या डिस्कवर ठेवली जातात, आणि मी लिहिलेला बॅकअप प्रोग्राम ती डिस्क केवळ लेबलावरून ओळखत असे. (ईएक्सटी४ या डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत लेबलाला १६ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते, म्हणून नाव लहान ठेवलेले बरे.) एके दिवशी मूळ डिस्क जोडलेली असूनही माउंट होईना, म्हणजे वापरासाठी उघडेना. तिची प्रत कुणीतरी ‘डीडी’ या बाइट जशाच्या तशा उतरवणाऱ्या आज्ञेने ५०० गीगाबाइटच्या डिस्कवर उतरवायला घेतली होती; ती अर्धवट राहिली, परंतु सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कवरील मांडणीची मुख्य माहिती असलेला भाग, १०२४व्या बाइटपासूनच सुरू होत असल्यामुळे लेबल, यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक), ईएफ५३ ही ईएक्सटी४ची ओळखखूण आणि चेकसम (माहिती बिघडली नाही ना हे तपासणारी संख्या) सुद्धा तंतोतंत उतरले होते, आणि प्रोग्राम नेमकी ती अर्धवट प्रतीचीच डिस्क उचलत होता.

आता सुपरब्लॉकमधील एकूण ब्लॉकसंख्या (ब्लॉक म्हणजे साठवणुकीचा ठरावीक आकाराचा तुकडा) गुणिले ब्लॉकचा आकार हा गुणाकार डिस्कच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा मोठा आला, तर प्रोग्राम ती डिस्क बाद करून पुढची तपासतो. दोन डिस्क खऱ्या ठरल्यास तो स्वतः निवड न करता थांबतो, आणि ही खबरदारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्धवट प्रतीवरची खूण मी ‘वाइपएफएस’ या अशा खुणा पुसणाऱ्या आज्ञेने पुसली, मात्र त्याआधी मूळ डिस्क काढून ठेवली.