क्लायमेट फेलोशिप मिळाली, आता वस्तीत काम कसं सुरू करायचं

फेलोशिपच्या कागदांवर सही करायच्या आधी एवढं लेखी मागून घ्या: स्टायपेंड कुठल्या तारखेला येणार, पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा पास कोण देणार, अपघात विमा आहे का. लाजू नका, सेवा असली तरी खोलीचं भाडं सुटत नाही.

पहिल्याच दिवशी पीपीटी घेऊन वस्तीत जाऊ नका प्लीज. पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठी काम असेल तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते तिथल्या काकूंना विचारा, त्या भिंतीवर हात ठेवतील तिथे खडूने खूण करा, टेपने मोजा, नकाशावर टाका, तुमचा पहिला डेटा हाच.

उन्हाळ्यात पत्र्याची घरं किती तापतात ते बघा. शेजारची दोन सारखी घरं घ्या, घरच्यांना विचारून एकाचा पत्रा घासून त्यावर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारा, दुसरं तसंच ठेवा, थर्मामीटर दोन्हीकडे एकाच उंचीवर, गॅसपासून लांब, आणि रोज दुपारी ठरलेल्या वेळी आकडे घरातल्या ताईंनाच लिहू द्या. फरक दिसला की दुसरं घरही रंगवून द्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, माणसं काय फक्त तुलनेपुरती नसतात.

कचऱ्याचा विषय असेल तर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना गाठा, कुठल्या गल्लीत ओला-सुका एकत्र येतो ते त्यांना तोंडपाठ असतं.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना वस्तीतल्यांच्या सह्या घ्या, शिक्क्याची पोच घ्याच, आणि फेलोशिप संपायच्या बरंच आधी वही, नकाशा, पोचपावत्या तिथल्याच कुणाकडे सोपवायला लागा.