केबिकी करायला बसण्याआधी

गेल्या जूनमध्ये मी हाताने केलेली केबिकी (फळीवर काठाला समांतर रेघ मारायचं जपानी हत्यार) इतकी देखणी झाली होती की लगेच फोटो काढून गावी मामांना पाठवला. मामांची हयात सुतारकामात गेली. त्यांनी कौतुकबिवतुक काही केलं नाही, एवढंच विचारलं, "रेघ मारून बघितलीस का?" बघितली नव्हती. मग बघितली. देवघराच्या ड्रॉवरसाठी आणलेल्या ३० सेंटिमीटरच्या फळीवर रेघ काठापासून १२ मिमीवर सुरू झाली आणि साडेदहावर संपली. वाटलं, हात हलला. दुसऱ्या फळीला लाकडाला शिव्या दिल्या. तिसरी फळी वाया गेल्यावर हत्यार उलटं करून बघितलं, तेव्हा कळलं की पात्याची खाच मी सरळ पाडली होती. ती तिरपी हवी. आत्ताच सांगून ठेवतो, पुढे परत सांगणार आहे: खाच तिरपी हवी.

केबिकी म्हणजे जपानी सुतारांचं मार्किंग गेज: फळीच्या काठाला टेकून सरकणारा ठोकळा, त्यातून आरपार जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाशी खाचेत पातं, आणि दांडा ठोकळ्यात घट्ट धरणारी पाचर. नावातली दोन अक्षरं 'केस' आणि 'ओढणे' अशीही लिहितात, आणि रेघ खरोखर केसाएवढी बारीक येते, कारण आपल्याकडच्या गेजमध्ये जिथे खिळा असतो तिथे इथे पातं असतं. खिळा ओरखडतो, पातं तंतू कापतं. हिचे प्रकार आहेत: एका पात्याची सुजी-केबिकी रेघ मारायला, जाड पात्याची वारी-केबिकी पातळ फळी दोन्ही अंगांनी चिरून फाडायला, आणि कामा-केबिकीला विळ्यासारखी दोन पाती, कुसाच्या, म्हणजे सांध्यात घुसणाऱ्या जिभेच्या, दोन्ही रेघा एकदम मारायला. पहिल्यांदा करताय तर सुजी करा. दोन पात्यांच्या नादी लागू नका, एकच नीट बसवताना नाकी नऊ येतात.

मी जपानमध्ये कोबेत राहतो. इथे शिन-कोबे स्टेशनजवळ ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय आहे, १९८४ साली सुरू झालेलं आणि २०१४ पासून आत्ताच्या जागेत. मापं मी तिथेच काचेबाहेर उभा राहून वहीत अंदाजाने उतरवली होती. लांबी, रुंदी, पाचरेचा उतार, सगळं. पण समोरून बघताना पात्याचा तिरपेपणा दिसत नाही. म्हणून नमुना बघायला मिळालाच तर खालून बघा, हातात घेऊ दिला तर दांड्याच्या टोकाकडून बघा.

लाकूड काशी. वाराणसीशी संबंध नाही; हा इथला सदाहरित ओक, रंध्याचे ठोकळे आणि हातोड्यांचे दांडे ज्याचे करतात तो. पांढरा घ्या नाहीतर तांबडा, मला फरक पडलेला नाही. तंतू दांड्याच्या लांबीला सरळ धरून जाणारे बघून घ्या. महाराष्ट्रात करणार असाल तर शिसवी किंवा चांगली वाळलेली बाभूळ चालेल, फक्त वखारीतून आषाढात आणून त्याच शनिवारी कापायला बसू नका. मी इथल्या त्सुयूत, म्हणजे जून-जुलैच्या पावसाळ्यात, तसाच शहाणपणा केला होता. फुगलेल्या लाकडात बसवलेला दांडा थंडीत खुळखुळायला लागला. ज्या खोलीत वापरणार त्या खोलीत लाकूड तीन आठवडे तरी पडू द्या. ठोकळ्याला साधारण ११० × ४५ × २० मिमी, दांड्याला २०० मिमी लांब, २० रुंद, १४ जाड, आणि पाचरेला एक कपटा. दांड्याचं लाकूड दुप्पट आणा. का, ते कळेल.

हत्यारं: करवत, रंधा, गुण्या (काटकोन बघायचा), तीन आणि सहा मिमीच्या पटाश्या, बारीक कानस, ड्रिल. धारेचे दगड १००० आणि ६००० नंबरचे, म्हणजे एक भरड, एक बारीक. एवढं तुमच्याकडे असणारच.

पातं आधी, खाच नंतर. हा क्रम बदलू नका. मी कोबेजवळच्या मिकी गावी नोव्हेंबरातल्या हत्यारांच्या जत्रेत एक जुनी किरिदाशी घेतली होती, इथली एका बाजूने धारेची सुरी. जुनी मापं बूमध्ये असतात आणि एक बू म्हणजे ३.०३ मिमी, त्यामुळे तीन बूचं पातं नऊ मिमीच्या खाचेत जात नाही आणि साडेनऊच्या खाचेत हलतं. हातातलं पातं मोजा, तेवढीच खाच. तुकडा साधारण ४० मिमी लांब ठेवा, खाली तीन मिमी बाहेर आणि वर ठोकायला भरपूर. किरिदाशीची धार तिरकी असते, ती घासून गोलसर करा, नखासारखी. ग्राइंडरवर घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी झाली की पोलादाचं पाणी उतरलं, मग कितीही पाजळा, धार टिकणार नाही. उतार एकाच बाजूला ठेवा आणि दुसरी बाजू दगडावर सपाट, आरशासारखी. बसवताना उताराची बाजू ठोकळ्याकडे, सपाट बाजू ठोकळ्यापासून लांब. उलटं बसलं तर घाबरू नका, पातं काढून फिरवता येतं. खाच फिरवता येत नाही.

आता ती खाच. दांड्याच्या टोकापासून २० मिमी सोडा, नाहीतर पातं ठोकताना टोक उकलतं. पातं दांड्याच्या रुंदीत आडवं बसतं, म्हणजे त्याची एक कड तुमच्याकडे आणि दुसरी समोर. सरळ बुद्धी सांगते, गुण्या लावा, काटकोनात रेघ मारा, कोरा. मी तेच केलं, आणि इतकं गुण्यात केलं की मधून उजेड जाईना. तिथेच चुकलं. पातं ठोकळ्याला अगदी समांतर असलं की त्याला स्वतःचं मत नसतं, तंतू नेतील तिकडे ते जातं. माझी फळी सुगीची होती. (आपले सुगीचे दिवस नव्हेत, हे इथलं स्वस्त, मऊ लाकूड.) त्यात वर्षाच्या वाढीचा एक पट्टा मऊ आणि लगेच शेजारचा कडक. पातं मऊ पट्ट्यात शिरतं आणि कडक पट्ट्याच्या कडेने रुळावरून गेल्यासारखं धावतं. ठोकळा काठापासून सुटतो आणि आपण म्हणतो हात हलला.

तर खाच तिरपी. केबिकी स्वतःकडे ओढणार असाल तर पात्याची तुमच्याकडची कड ठोकळ्यापासून जरा लांब, समोरची कड जरा जवळ. ओढताना पातं बाहेर पळू बघतं आणि त्या ओढीनेच ठोकळा फळीच्या काठाला चिकटून येतो. तुम्ही दाबायची गरजच राहत नाही. ढकलून वापरणाऱ्यांनी हे उलटं करायचं. किती तिरपी? दांड्याच्या २० मिमी रुंदीत एक मिमी, बस. तीन अंशांच्याही आत. जास्त केलंत तर पातं कापायचं सोडून नांगरायला लागतं. आणि हे डोक्यात ठेवू नका, दांड्यावर पेन्सिलीने लिहा: 'ठोकळा इकडे' आणि ओढायच्या दिशेचा बाण. मला माहीत आहे, हे बालवाडीतलं वाटतं. माझा दुसरा दांडा बरोबर तिरपा झाला, फक्त उलट्या बाजूला. लाकूड दुप्पट आणा म्हटलं ते यासाठी.

तिसरा दांडा कसा गेला तेही ऐका. खाच वरून आणि खालून अशी दोन्हीकडून कोरत मध्ये भेटवायची असते. दांडा पालथा करून तीच तिरपी रेघ नुसत्या नजरेने काढली तर ती आरशातल्यासारखी उलटी येते, दोन खाचा मध्ये फुली मारून भेटतात आणि पातं आत जातच नाही. म्हणून वरची तिरपी रेघ दोन्ही कडांपर्यंत न्या, तिथून गुण्या लावून दोन्ही बाजूंवर उभ्या रेघा उतरवा आणि खाली आलेले दोन बिंदू जोडा. या सगळ्यात गुण्याचं काम एवढंच. मग बारीक ड्रिलने ओळीत भोकं, दोन्हीकडून अर्ध्यापर्यंत, आणि मधले पडदे पटाशीने. कानस हळू फिरवा, दर चार हातांनी पातं घालून बघा. बोटाने दाबून अर्धं जातं आणि पुढे हातोडीची टिचकी मागतं, तिथे थांबा. दांडा मधोमध चिरून, खाच पाडून परत चिकटवायची पळवाट आहे, सोपी आहे, पण पातं ठोकून बसवायचं असल्यामुळे मला त्या सांध्याचा भरवसा वाटत नाही.

ठोकळ्याचं भोक मात्र गुण्यात. इथे तिरपेपणा बिलकुल नको. दोन्ही तोंडांवर आखा, दोन्हीकडून कोरा. खालची भिंत दांड्याचा आधार, ती सपाट आणि ठोकळ्याच्या तोंडाशी काटकोनात हवी. वरची भिंत पाचरेसाठी उतरती, साधारण दहाला एक. दांड्याखाली ठोकळ्याचं २० मिमी तरी अंग राहू द्या, नाहीतर फळीच्या काठाला टेकायला काही उरत नाही.

पाचर लांबच कापा, बसवून मग छाटा. ती हाताकडच्या बाजूने ठोकायची आणि तिचं टोक ठोकळ्याच्या तोंडाबाहेर येता कामा नये.

कडा मोडा, हाताला लागतात. पात्याला इथे त्सुबाकीचं, म्हणजे कमेलियाच्या बियांचं, तेल लावतात, घरात असेल ते लावा. पॉलिश-बिलिश नको, दांडा अडकतो.

आणि फोटो काढायच्या आधी टाकाऊ सुगीवर एक लांब रेघ ओढा, अगदी हलक्या हाताने, ठोकळा न दाबता. तो आपणहून काठाला चिकटत नसेल तर दुसरा दांडा घ्या, 'ठोकळा इकडे' लिहा, बाण काढा, आणि तो एक मिमी पटाशी लावण्यापूर्वी परत मोजा.